ढोमीचं माहेरपण

वाकोला,
२८ सप्टेंबर २०२४

कल्पे,

तू मला ब्लॉक केलंस हे मला तीन दिवसांनी कळलं. तोपर्यंत मी आपली बोलतेच आहे, बोलतेच आहे. आज सकाळी अंधेरीच्या बाजारात तुझ्या आईसमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, मावशी, कल्पिता आजारी आहे का? सोनूमावशीने सुरमई कापता कापताच सांगितलं की कल्पिता ठणठणीत आहे, तुझे लांबलचक व्हॉइस नोट ऐकून तिचे कान किटलेत, बोलायचं असेल तर लिहून दे, टोपलीतून नेते. म्हणून हे पत्र. भिजलं असेल तर तक्रार घरातच कर.

मुद्द्यावर येते. मला तुमची मनोरीची खाडी पाहिजे. आणि हरेश्वरकाकांची होडी, दोन-तीन रविवार.

तीन वर्षं मी अंधेरीच्या वर्कशॉपमध्ये जे करत बसलेय ते आता पाण्यात जायला तयार आहे. तू डिप्लोमाला माझ्याच बाकावर होतीस, पण कँटीनशिवाय तुला त्यातलं काही आठवत असेल असं वाटत नाही, म्हणून सांगते. पाण्याखाली फिरणारं यंत्र, माणसाविना. उभं केलं तर कमरेपर्यंत येईल, पोटाशी जाड. त्याला पंखा नाही, पंप नाही, आवाज नाही. शेपटीत तेलाच्या रबरी पिशव्या आणि निकेल-टायटॅनियमच्या तारेच्या स्प्रिंगा. ही तार शहाणी असते. तापवली की तिला आपला जुना आकार आठवतो आणि ती आखडते. थंड झाली की सगळं विसरून सैल पडते. आखडली की ती आतलं तेल बाहेरच्या पिशवीत ढकलते, यंत्राचं अंग फुगतं, वजन तेवढंच राहतं, आणि ते वर येतं. कढईत पुरी फुगून वर येते ना, तेच. सैल पडली की तेल परत आत, अंग बारीक, यंत्र खाली. बस. एवढ्यासाठी तीन वर्षं.

बाबांना हे समजावून सांगितलं. लवू परबांनी पेपर बाजूला ठेवला, नीट ऐकलं आणि म्हणाले, "बुडवूचाच आसा तर येवढा शिकलंस कित्याक?"

डिसेंबरात समुद्रावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेचे लोक चाचणीला येणार आहेत. दिवसभर दोरीशिवाय त्याने आपणहून खाली-वर करून दाखवायचं. जमलं तर त्यांचं काम आम्हाला. नाही जमलं तर आमचा शेठ धवल, मूळ धंदा घाटकोपरचा, गिझरचे थर्मोस्टॅट, तो माझ्या सगळ्या स्प्रिंगा गिझरात घालणार. म्हणतो, श्वेताबेन, पाणी तापवण्यात इज्जत आहे. माझं टेबल त्याने मनातल्या मनात पॅकिंगवाल्यांना देऊनसुद्धा टाकलंय. माझी तीन वर्षं कोणाच्या तरी बाथरूममध्ये जायला नकोत गं.

आई गेल्यापासून घरात ऐकून घेणारं कोणी नाही, म्हणून तुझे कान खाल्ले. यापुढे डोळे खाईन.

श्वेता


मनोरी,
३० सप्टेंबर

श्वेते,

ब्लॉक तसंच राहणार. तू बोलतेस त्यापेक्षा लिहितेस बरं, मधेच उठून चहा टाकता येतो. पत्र कोळंबीखालून आलं, त्यामुळे मांजराने आधी वाचलं.

खाडी सरकारची आहे, घेऊन जा. होडी बाबांची आहे आणि ते तयार आहेत. अट एकच, होडीत भाषण द्यायचं नाही. माझ्याकडे शनिवार-रविवारी खोल्यांना गिऱ्हाईक असतं, त्यातली शेवटची खोली पावसाने गळते म्हणून रिकामी आहे. यंत्र तिथे ठेव. दर वेळी मार्वेच्या फेरीबोटीतून ते धूड आणलंस तर लोक विचारतील कोणाला गुंडाळून नेतेस.

पत्राच्या मागे तू काढलेलं चित्र आईला दाखवलं. तिने लगेच ओळखलं. म्हणाली, ही तर ढोमी. ढोमी म्हणजे पोटाने गुबगुबीत, तोंडाने साधी अशी एक मासळी, कालवणाला बरी. चित्राखाली तू लिहिलेल्या त्या सहा इंग्रजी अक्षरांच्या नावाने माझ्या घरात तिला कोणी हाक मारणार नाही हे आत्ताच सांगून ठेवते.

आईने विचारलं की ती खाते काय. मी म्हटलं बॅटरी. तेव्हापासून आईला तिची दया येतेय.

कल्पिता


वाकोला,
२२ ऑक्टोबर

कल्पे,

रविवारच्या प्रकारावर दोन दिवस कोणाशी बोलले नाही. बाबा घाबरले. त्यांनी कपाळाला हात लावून ताप बघितला.

अख्ख्या मनोरीसमोर तोंडावर आपटले मी. पाण्यात बुडणारं यंत्र म्हणून बोलावलं लोकांना, आणि ती बया बदकासारखी तरंगत राहिली. तुमच्या शेजारचा धाकू मी वर जाऊन बसू का म्हणून विचारत होता तेव्हा मला खरंच वाटलं की बस बाबा. आणि हरेश्वरकाकांनी बिचाऱ्यांनी मदत म्हणून जाळ्याचं शिसं बांधलं, तर अशी गेली खाली की दोरीने ओढून काढावी लागली. तरंगली तर बुडत नाही, बुडाली तर निघत नाही. वाट लागली नुसती.

काय झालं ते आज कळलं, आणि कळल्यावर मी स्वतःलाच शिव्या दिल्या. बॅटरी वाचावी म्हणून मी अशी तार निवडली होती जी थोड्याशा उबेनेही आखडते. आमच्या वर्कशॉपमध्ये धवलने एसी असा लावलाय की आम्ही मे महिन्यात स्वेटर घालतो. तिथल्या टाकीत ढोमी शहाण्यासारखी खाली-वर करायची. तुमच्या खाडीचं ऑक्टोबरातलं पाणी म्हणजे आंघोळीचं पाणी. पाण्यात टाकल्याबरोबर तारेला सगळं आठवलं आणि ती फुगून बसली ती बसलीच. थंड पडायला तिला वावच नाही.

आता जास्त तापमानाची तार मागवलीय. बाहेरून येणार, मधे कस्टमवाले बघणार, मग येणार. धवलला मी प्रगती आहे असं सांगितलंय. त्याने उत्तरादाखल गिझरचा नवीन कॅटलॉग माझ्या टेबलावर ठेवला. चाचणी बारा डिसेंबरला ठरलीय आणि ती काही पुढे जात नाही.

ढोमीला तोपर्यंत तुझ्याकडेच राहू दे. फक्त कोणी हात लावू नका.

श्वेता


मनोरी,
४ नोव्हेंबर

श्वेते,

हात लावू नका हे तू कोणाला सांगतेस? माझ्या आईला?

पहिले दोन दिवस ती नुसती दारातून बघून जायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, पोर एकटीच पडलीय खोलीत, खिडकी तरी उघडा. मग खोली गळते म्हणून ढोमीला आमच्या मधल्या खोलीत आणलं. आता ती टीव्हीसमोर असते. आईची मालिका चालू असली की आई तिला मागची गोष्ट सांगते. मी डोळ्यांनी बघितलंय.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आईने तिला उटणं लावलं. मी ओरडले. आई म्हणाली, आपल्या घरी दिवाळीला आलेली पोर बिनआंघोळीची ठेवू काय? मी ओल्या फडक्याने पुसून घेतलंय, फटींमधून काही आत गेलेलं नाही, पण तिच्या नाकाशी अजून वास येतो. संस्थेच्या लोकांना सांग की नवीन कोटिंग आहे.

बाबांचं म्हणणं असं की इतक्या वर्षांत त्यांना कोणी उटणं लावलं नाही.

धाकू अजून विचारतो, तुमची ती न बुडणारी कशी आहे. मी सांगते मजेत आहे. मनातून मात्र मला तुझी काळजी वाटते. तार आली का ते कळव.

कल्पिता


अंधेरी, वर्कशॉप,
२८ नोव्हेंबर

कल्पे,

गेल्या रविवारपासून मी जमिनीवर नाही. तूच बघितलंस. नवी तार घातली, होडीच्या बाजूला सोडली, आणि ढोमी गेली की गं खाली, एखाद्या शहाण्या मुलीसारखी. आणि आली वर. परत गेली, परत आली. काकांनी टोपी काढली. त्यांना भाषण नको होतं म्हणून मी तोंडावर हात ठेवून रडले.

आता एक गोष्ट नीट ऐक, ही गंमत नाही. ढोमी भरपूर जड आहे, पण पाण्यात तिचं सगळं खेळणं एका लिंबाएवढ्या वजनावर आहे. स्प्रिंगा आखडल्या की ती पाण्यापेक्षा एका लिंबाने हलकी, सैल पडल्या की एका लिंबाने जड. मी तिचं वजन शेवटच्या ग्रॅमपर्यंत जुळवून ठेवलंय. यात कोणी हार घातला, नारळ बांधला, कुंकवाचा करंडा अडकवला की खेळ खलास. चिकटपट्टीसुद्धा लावायची नाही. मावशीला तूच सांग, माझं ती ऐकून घेते आणि मला कालवणाला सुकं कोलीम बांधून देते.

संस्थेकडून शर्मिष्ठा मॅडम येणार आहेत. बंगाली आहेत, कमी बोलतात. फोनवर मी पंधरा मिनिटं माहिती दिली, त्या म्हणाल्या, बघू. धवलही येणार आहे. तो शाकाहारी आहे, फेरीबोटीतच त्याचा जीव जाईल.

माझी भूक मेलीय.

श्वेता


मनोरी,
९ डिसेंबर

श्वेते,

सगळी तयारी आहे. बाबांनी होडी धुतली, इंजिनचं तेल बदललं आणि दाढी केली. शर्मिष्ठा मॅडमसाठी आई पापलेट राखून ठेवणार आहे, धवलशेठसाठी बटाटा.

आईला मी समोर बसवून सांगितलं. हार नाही, कुंकू नाही, नारळ नाही, बाहेरून काहीही लावायचं नाही. तिने मान हलवली. जरा लवकरच हलवली, पण हलवली.

तिचं काय झालंय माहितीय का, तिने मला विचारलं की पोर परत कधी येणार. मी म्हटलं, पास झाली तर संस्थेकडे जाईल, मोठ्या समुद्रात, इथे कशाला येतेय. तेव्हापासून तोंड पाडून बसलीय. काल मालिका लावली नाही.

गुरुवारी सकाळी लवकर ये. आणि खाऊन ये.

कल्पिता


वाकोला,
१३ डिसेंबर

कल्पिता,

हे पत्र मावशीच्या टोपलीतूनच येतंय, कारण तुझ्या दारात यायची माझी इच्छा नाही.

काल सगळ्यांसमोर ढोमी खाली गेली. छान गेली. मग वर यायची वेळ झाली, ती आली नाही. दुसरी वेळ झाली, आली नाही. काका गळ टाकून टाकून दमले. धवल उलट्या करून दमला. संध्याकाळी शर्मिष्ठा मॅडमनी घड्याळ बघितलं, मला थँक यू म्हणाल्या आणि निघाल्या. थँक यू.

रात्रभर हिशोब केला. तार बरोबर, तेल बरोबर, बॅटरी बरोबर. ऑक्टोबरात ती अशीच दगडासारखी गेली होती, काकांनी शिसं बांधलं होतं तेव्हा. तिच्यात वजन होतं, कल्पिता. कोणीतरी घातलेलं. ती तुझ्या घरात होती आणि घराची चावी तुझ्याकडे होती. मी सांगितलं होतं चिकटपट्टीसुद्धा नाही.

पुन्हा तरंगून फजिती नको म्हणून घातलंस का? की गंमत? की तुला वाटलं, आपण डिप्लोमा अर्ध्यात टाकून मनोरीत खोल्या भाड्याने देत बसलो, तर हिने तरी कशाला पुढे जायचं?

धवलने आज माझं टेबल रिकामं करायला सांगितलं. सोमवारपासून गिझर. झालं तुझं समाधान?

श्वेता परब


मनोरी,
१५ डिसेंबर

श्वेता,

तुझं पत्र आईनेच माझ्या हातात दिलं. पोरीने काय लिहिलंय विचारत होती. मी म्हटलं, मला शिव्या घातल्यात. ती उठून आत गेली.

आधी माझं ऐक. मी डिप्लोमा अर्ध्यात टाकला कारण तेव्हा बाबांचा पाय मोडला होता आणि होडी चालवायला घरात दुसरं कोणी नव्हतं. हे तुला माहीत आहे. तू तेव्हा माझ्या नोट्स उतरवून आणून द्यायचीस, बाजारात आईकडे, अशाच टोपलीतून. ते वाक्य लिहिताना तुला हे आठवलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. काल दिवसभर मी जेवले नाही. आता पुढचं.

काल सकाळी बाबा जाळ्याकडे चालले होते, तर गोराईच्या बाजूला तिवरात काहीतरी पिवळं अडकलेलं दिसलं. ढोमी. तरंगत होती. बाबांनी तिला ताडपत्रीत गुंडाळून आणलं, धाकूने वाटेत काही विचारलं तर त्यांनी त्याला पहिल्यांदाच शिवी दिली.

शेपटीच्या झाकणाच्या फटीतून हिरवं कापड बाहेर आलेलं. मी झाकण उघडलं. खण. नवा कोरा खण, काठाला चिंबोऱ्यांनी कुरतडून भोकं पाडलेली. आत हळकुंड, सुपारी, दोन नाणी आणि चिकटून राहिलेले तांदळाचे चार दाणे.

आई दारात उभी होती. मी विचारलं हे काय. तिला कळेचना की मी चिडलेय कशाला. म्हणाली, "बाहेरून नको सांगितलंस, म्हणून आत ठेवली. लेकीला ओटी न भरता घरातनं काढू? मग ती परत कशी येल?"

पाच मुठी तांदूळ, श्वेता. दोन महिने राहिलेल्या पोरीची माझ्या आईने ओटी भरली, खणात बांधून शेपटीत घातली आणि वर झाकण लावलं. नारळ आत बसला नाही याची तिला अजून चुटपुट आहे, त्याच्या बदल्यात तिने एक नाणं जास्त टाकलं. हे सगळं तिने तू होडीत बसून मॅडमना माहिती देत असताना केलं. म्हणजे बघ, तू जरा कमी बोलली असतीस तर.

मी आईला म्हटलं, तुझ्या ओटीने बुडाली ती. आई म्हणाली, "आणि वर कोणी आणली? आली ना परत?"

ढोमी मधल्या खोलीत आहे. शेपटीच्या झाकणाशिवाय मी काही उघडलेलं नाही, कशाला हात लावलेला नाही. येऊन घेऊन जा. मला काही बोलायचं नाहीये, पण जेवण असेल.

कल्पिता


वाकोला,
२१ डिसेंबर

कल्पे,

सोमवारी तुझ्याकडे आले तेव्हा नीट बोलता आलं नाही, मावशी सारखी वाढत होती. म्हणून लिहिते. मी जे लिहिलं ते नीच होतं. माझं नशीब फुटलं की मी जवळच्या माणसाला आधी चावते, हे बाबा नेहमी सांगतात. ते पत्र फाडून टाक. नाहीतर मांजराला वाचायला दे.

आता ऐक, काय झालं ते.

ढोमीला तुमच्याकडेच ठेवून तिच्या पोटातली नोंद तेवढी काढून आणली होती, ती बघितली. दर तासाला तिने वर यायचा प्रयत्न केला होता गं. दर तासाला तार तापली, आखडली, तेल ढकललं, अंग फुगवलं, आणि ती हललीही नाही, कारण ओटीचं वजन तिच्या लिंबाहून जास्त. तरी परत पुढच्या तासाला तेच. गुरुवारचा दिवस, सगळी रात्र, अख्खा शुक्रवार. चिखलात बसून. मग शनिवारी पहाटे, इतके तांदूळ मासळीने आणि चिंबोऱ्यांनी संपवले असतील की वजन तिच्या आवाक्यात आलं, आणि त्या तासाला ती उठून वर आली. मी ती नोंद बघून वर्कशॉपमध्ये रडले. पॅकिंगवाल्यांनी पाणी दिलं.

आणि बरं का, नारळ आत बसला असता तर ती बुडालीच नसती. नारळ तरंगतो. मावशीला सांगू नकोस, पुढच्या वेळी शेपूट मोठी कर म्हणेल.

धवलला सांगितलं. तो म्हणाला, संस्थेला कळवू नकोस, आपली लाज जाईल, मासळीने खाल्लेले तांदूळ कोणत्या रिपोर्टात लिहिणार? मी खण पिशवीत टाकला. मग शर्मिष्ठा मॅडमच्या ऑफिसात गेले आणि सगळं सांगितलं, खण आणि सुपारीसकट. खण दाखवलाही. त्यांनी तो हातात घेऊन भोकं मोजली की काय कोण जाणे, बराच वेळ बघत होत्या. मग नोंदीचा कागद घेतला. त्यावरही बराच वेळ. शेवटी म्हणाल्या, "दोन दिवस अडकून पडलेलं यंत्र आपोआप परत आलेलं मी अजून पाहिलं नव्हतं. आमची जातात ती जातात." आणि सोळा जानेवारीची तारीख दिली. पुन्हा चाचणी. टेबल तोपर्यंत माझं.

निघताना त्यांनी मला विचारलं, ओटी कशासाठी भरतात. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, पण या वेळी नको.

म्हणजे मावशीला तू सांग. जोरात सांग.

श्वेता


मनोरी,
५ जानेवारी २०२५

श्वेते,

सांगितलं. हात टेकले.

आई म्हणते, ओटीशिवाय पोर घराबाहेर जाणार नाही. तुमची मॅडम शिकलेली आहे, तिने पापलेट चवीने खाल्लं, तिच्याबद्दल राग नाही, पण तिला हे काय कळतंय. मी म्हटलं, आई, ती बुडेल. आई म्हणाली, बुडायलाच तर पाठवताय. मी म्हटलं, वर येणार नाही. आई म्हणाली, मागच्या वेळी आली. तिच्याशी वाद घालणं म्हणजे भरतीला मागे सरक सांगणं.

बाबांनी एक चूक केली, ते हसले. आता त्यांच्याशीही ती बोलत नाही. जेवण माझ्या हातून पाठवते.

गंमत जाऊ दे. ती घाबरलीय, श्वेते. त्या गुरुवारी ढोमी आली नाही तेव्हा ती रात्रभर पडवीत बसली होती, मला हे आता कळलं. तिला वाटलं ओटी कमी पडली. तिच्या डोक्यात ती यंत्र नाहीच. तू काहीतरी डोकं चालव. तेवढ्यासाठीच तर शिकलीस.

आणि मी तुझा ब्लॉक पंधरा दिवसांपूर्वीच काढलाय. तू बघितलंससुद्धा नाहीस. बरंच झालं.

कल्पिता


वाकोला,
१९ जानेवारी

कल्पे,

ब्लॉक काढलास ते बघितलं होतं. पण आता मला पत्राची सवय लागलीय, आणि व्हॉइस नोटमध्ये मी हे सांगितलं असतं तर तू परत ब्लॉक केलं असतंस.

तू तिथे होतीस, तरी मी सगळं पुन्हा लिहिणार. तू उठून चहा टाक.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस डोकं खाजवलं, आणि मग साधी गोष्ट सुचली. आम्ही ढोमीचं वजन जुळवतो ते पोटात शिशाचे तुकडे घालून. ते शिसं घालायचंच आहे, तर त्यातलं थोडं काढून ओटी घालायला काय हरकत आहे? म्हणून मी काटा घेऊन तुमच्याकडे आले. मावशीला म्हटलं, भर ओटी, पण आत्ता, माझ्यासमोर. तिने पाच मुठी घातल्या. मी पाण्यात धरून तोलल्या आणि तेवढं शिसं ढोमीच्या पोटातून काढलं. खण बारीक जाळीत शिवून टाकला, म्हणजे चिंबोऱ्यांना काही मिळायचं नाही. ओटी तिच्या वजनाचाच भाग झाली. मॅडमना फोन करून सांगितलं तेव्हा त्यांनी मुठी किती ते दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, लेखी द्या. दिलं. त्यात पाच मुठी तांदूळ असं लिहिलंय, कोणाच्या मुठी तेही.

आणि गुरुवारी ती गेली आणि आली. दिवसभर गेली आणि आली. धवलने या वेळी बोटीत लिंबू चोखत बसून सगळं बघितलं आणि संध्याकाळी धक्क्यावर प्रत्येकाला सांगत होता की आयडिया त्याची. संस्थेने अजून चार ढोम्या मागितल्यात. एसीवाल्या खोलीतून गिझर बाहेर गेले, माझं टेबल खिडकीशी आलं. एक जागा भरायची आहे, पाण्यातल्या चाचण्या बघायला. डिप्लोमा अर्धा चालेल असं मी धवलकडून कबूल करून घेतलंय. खोल्या आणि होडी सांभाळून जमेल का ते बघ. नाही म्हणालीस तरी मी विचारत राहीन.

पण हे सगळं तुला माहीत आहे. जे माहीत नाही ते लिहिते. संध्याकाळी सगळे पुढे गेले, तू मॅडमना आणि ढोमीला फेरीबोटीत बसवायला गेलीस, आणि मावशीने मला मधल्या खोलीत बोलावलं. ढोमीची जागा रिकामी होती, टीव्हीसमोर. मला वाटलं रडेल. तिने मला तिथे बसवलं आणि म्हणाली, पदर कर. मी म्हटलं, मावशी, मी जीन्समध्ये आहे. म्हणाली, मग ओढणी कर, ती आहे ना.

माझी ओटी कधी कोणी भरली नव्हती. लग्न नाही म्हणजे सासर नाही, सासर नाही म्हणजे माहेर नाही, असा सगळ्यांचा हिशोब असतो. आई असती तर तिनेही तोच केला असता बहुतेक. मी मावशीला म्हटलं, माझं लग्न झालेलं नाही गं. ती म्हणाली, "त्याचा काय संबंध? जातेयस ना इथून?"

पाच मुठी. मी मोजल्या नाहीत, काटाही नव्हता. नारळसुद्धा, कारण माझ्या ओढणीत तो बसला.

मार्वेपर्यंत फेरीबोटीत मी ते सगळं मांडीवर घट्ट धरून बसले होते. शेजारची बाई विचारत होती, माहेराहून आलात का. मी हो म्हटलं.

रविवारी येते. काम काही नाही.

श्वेता